घरचा छापखाना आणि शाईचा हिशेब

वाचकहो, माझा एक जुना विद्यार्थी निमगाव केतकीच्या भागात एका शाळेवर गुरुजी आहे. इंदापूर-बारामती रस्त्यावरचे हे गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते, म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचेही ते असेल. एका रविवारी हा गुरुजी घरी आला आणि खिशातून दोन-तीन जाहिरातीचे कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवले.

"सर, शाळेला प्रिंटर घ्यायचाय. यातला कुठला घेऊ?"

मी हसलो. म्हटले, "अरे, मी इतिहासाचा मास्तर. हे दुकानदाराला विचारायचं."

"मागच्या वेळी दुकानदारालाच विचारलं होतं, सर. म्हणून तर आता तुमच्याकडे आलो."

मग त्याने हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी पालकांनी वर्गणी काढली. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे. मळ्यात पाने खुडायला जाणाऱ्या बायांनीही आपापला वाटा दिला. त्या पैशातून सर्वांत स्वस्त असलेला इंकजेट प्रिंटर घेतला. वार्षिक परीक्षा झोकात पार पडली, रंगीत प्रगतिपत्रके निघाली. मे महिन्यात शाळेला कुलूप लागले. जूनमध्ये यंत्र उघडून पाहतात, तर कागदावर नुसत्या पांढऱ्या रेघा. शाई वाळून बसलेली. नवी कार्ट्रिज विचारली, तर काळी आणि रंगीत मिळून जवळजवळ निम्म्या यंत्राची किंमत. तीही आणली, ती दिवाळीपर्यंत संपली. तेव्हापासून यंत्र कपाटात आहे आणि प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी गुरुजी इंदापूरला खेपा घालतात.

"आता पुन्हा वर्गणी जमलीय, सर. पण या वेळी चुकलो, तर तिसऱ्यांदा गाव मला दारात उभं करणार नाही."

हे ऐकल्यावर मला हसणे आवरावे लागले. प्रश्न यंत्राचा दिसत होता, पण त्यात गावाचा विश्वास अडकला होता. आणि खरे सांगायचे तर असला प्रसंग माझ्या घरीही घडून गेलेला होता. मी तो कुणाला सांगितला नव्हता, इतकेच! तेव्हा त्या दिवशी मी त्याला जे सांगितले, तेच थोडे व्यवस्थित मांडून तुमच्यापुढे ठेवतो. मी इतिहासाचा माणूस, म्हणून उत्तर जरा मागून सुरू करतो. ते फुकट जाणार नाही, अशी खात्री बाळगा.

छापण्याचे काम कुठल्याही काळी घ्या; त्यात तीन अडचणी असतात. अक्षर कुठून आणायचे, शाई कुठून आणायची, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार. महाराष्ट्रातल्या छपाईचा इतिहास म्हणजे या तीन अडचणींचाच इतिहास आहे.

छपाईच्या आधी हाताची नक्कल होती. आपल्या बारामतीचे मोरोपंत १७९४ साली वारले. तोवर त्यांच्या हजारो आर्या बोरूनेच कागदावर उतरल्या आणि बोरूनेच एका गावाहून दुसऱ्या गावी गेल्या. शाई काजळाची, डिंकात घोटलेली, घरच्या घरी केलेली. समर्थांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. त्यात सारखे अक्षर कसे काढावे हे तर आहेच, पण बोरू कसे निवडावे आणि शाईचा संग्रह कसा करावा, हेही सांगितलेले आहे. एवढा मोठा संत, पण शाई जवळ साठवून ठेवावी ही गोष्ट त्यांना सांगण्याजोगी वाटली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

आता पहिली अडचण, अक्षराची. हिंदुस्थानात छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण लिपी मात्र रोमन! कारण देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्र होते, कागद होता, शाई होती. अडले ते अक्षरापाशी. पुढे सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आलाही. पण त्याला छापता येत होते, आपल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. बेत तिथेच बसला.

देवनागरीचे खिळे ही सोपी गोष्ट नव्हेच. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, मोठी आणि लहान धरून बावन्न. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि वर जोडाक्षरे. एकेका छापखान्यात शेकडो खिळे निराळे ठेवावे लागत. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हा कुठे मराठीला छापील देवनागरीचा रस्ता मिळाला.

मुंबईत या अडचणीवर एका माणसाने मोठी युक्ती केली. त्याचे नाव गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करताकरता त्यांनी छपाई पाहिली होती. त्यांनी लाकडाचे यंत्र केले आणि शिळाछाप सुरू केला. शिळाछापाचा शोध जर्मनीतल्या सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लावला होता. त्यातली मौज अशी, की दगडाला अक्षर कळत नाही. तेलकट शाईने दगडावर तुम्ही जे लिहाल ते छापले जाते: ओवी लिहा, कुंडली काढा, नाहीतर गणपतीचे चित्र काढा. खिळे पाडण्याची गरजच राहिली नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी छापील मराठी पंचांग काढले. घरोघरी जोशीबुवांच्या हातची नक्कल असायची, तिथे छापलेले पंचांग आले.

पण लोकांच्या मनात एक शंका होती. छापाच्या शाईत चरबी असते, असा बोभाटा होता. सोवळ्यातले ब्राह्मण छापील पोथीला हात लावीनात. गणपत कृष्णाजी शाई घरीच करीत. तेव्हा त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, असे सांगतात. शाई दुसऱ्याच्या हातात असती, तर हे त्यांना कसे जमले असते? यंत्र स्वतःचे आणि शाईही स्वतःची, म्हणून त्यांचा छापखाना चालला. पुढे त्यांनी खिळेही पाडले. त्यांच्या मागून जावजी दादाजी आले. त्यांनी १८६४ साली आधी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. क्रम पाहा: साहित्य आधी हातात घेतले, यंत्र मागून. निर्णयसागरची सुबक अक्षरे देशभर नावाजली गेली, त्याचे मूळ या क्रमात आहे.

छापखाना शहरापुरताच राहिला असे मात्र समजू नका. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. वर्तमानपत्र निघते ते पुण्या-मुंबईतून, ही समजूत त्या एका पत्राने खोटी पाडली. खेड्याला छापता येते. फक्त खर्चाचा मेळ बसला पाहिजे.

आता तुमच्यातल्या जुन्या शिक्षकांच्या परिचयाचे यंत्र घेऊ. सायक्लोस्टाइल! लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ च्या सुमारास स्टेन्सिलवर लिहून प्रती काढण्याची ही रीत आणली. मेणकापडासारख्या कागदावर टोकदार लेखणीने लिहायचे किंवा टाइप करायचे, तो कागद रुळावर चढवायचा, आणि हात फिरवला की प्रती पडत जातात. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांची पत्रके अशाच यंत्रांवर निघाली. छापखान्यावर सरकारचा डोळा होता. हे यंत्र खोलीत लपवता येत होते. स्वातंत्र्यानंतर तेच यंत्र शाळेत आले. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, आणि मुले त्यावरून प्रश्नपत्रिका तयार झाल्याचे ओळखायची. पण त्या शाईची नळी बाजारात सहज मिळे, रुळाला काय झाले ते मास्तरच पाहत. तिन्ही अडचणी शाळेच्या आवाक्यातल्या होत्या.

मग झेरॉक्स आले, संगणक आले, आणि त्यांच्यामागून आपला आजचा विषय आला. इंकजेट म्हणजे शाईचा फवारा. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीत संशोधन चालू असता, गरम कैया शाईच्या सुईला लागला आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. एवढ्या साध्या अपघातातून तिथल्या संशोधकांना कल्पना सुचली: शाई क्षणभर तापवली की बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. याच सुमारास अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतही तोच शोध लागला, आणि १९८४ साली त्यांचे पहिले इंकजेट यंत्र बाजारात आले. एप्सन कंपनीने निराळी वाट धरली. विजेचा दाब दिला की आकार बदलणारा एक स्फटिक असतो. त्याच्या दाबाने थेंब फेकायचा, शाई तापवायची नाही. या दोन्ही रीतींत छिद्रे केसाहून कितीतरी बारीक असतात. गुरुजींची शाई वाळली ती याच छिद्रांत. पानमळ्यातले पान खुडल्यावर पाणी मारले नाही तर काय होते, हे निमगावकराला सांगायला नको. या छिद्रांचेही तसेच आहे.

इथे इतिहासाची एक गंमत सांगतो. इंकजेटलाही अक्षर कळत नाही! गणपत कृष्णाजींच्या दगडासारखेच. संगणक सगळे पान ठिपक्यांचे चित्र करून पाठवतो आणि यंत्र ठिपके टाकते. ‘ज्ञानेश्वर’ असो की ‘क्ष-किरण’, त्याला सारखेच. थॉमस स्टीफन्स ज्या अक्षरापाशी अडले, ती अडचण आज कुठलाही प्रिंटर घेतला तरी सुटलेली आहे. म्हणून दुकानदार तुम्हाला ‘छपाई किती सुरेख’ ते दाखवतो, तेव्हा मान डोलवा, पण त्यावर निवड करू नका. सुरेख सगळेच छापतात. निवड करायची ती उरलेल्या दोन अडचणींवर: शाई आणि दुरुस्ती.

शाईचा व्यवहार मध्यंतरी उलटा झाला. यंत्र स्वस्त द्यायचे आणि शाई महाग विकायची, अशी रीत कंपन्यांनी पाडली. शाई बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये. डबी दुसऱ्याची चालू नये म्हणून तिला ओळखीची चिप. यंत्र तुमचे, पण शाई दुसऱ्याच्या हातात. लोक हळूहळू डब्यांना भोके पाडून, नळ्या जोडून बाहेरची शाई भरू लागले. अखेर २०१० साली एप्सनने इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला. बाटलीने शाई ओतायची. पुढे तो आपल्याकडे आला आणि बाकीच्या कंपन्यांनीही तशी यंत्रे काढली. टाकीचे यंत्र घेताना महाग पडते, शाई मात्र स्वस्त.

मग घ्यावे कुठले? मी गुरुजीला म्हटले, "आधी पाने मोज." वहीत हिशेब मांडला. समजा, मुले दीडशे. एका परीक्षेला प्रत्येकी चार पाने, म्हणजे सहाशे. वर्षातून चार वेळा, म्हणजे चोवीसशे. दाखले, सूचना, सभेचे कागद धरून वर्षाची तीन हजार पाने. लहान कार्ट्रिजमधून कंपनीच्याच हिशेबाने शंभर-सव्वाशे पाने निघतात. म्हणजे वर्षाला चोवीस ते तीस कार्ट्रिज! टाकीच्या पुष्कळ यंत्रांत काळ्या शाईच्या एकाच बाटलीतून चार हजारांवर पाने निघतात. आणि हा कंपनीचा हिशेब पानाचा सुमारे विसावा भागच शाईने भरला आहे असे धरून केलेला असतो. चित्रे काढाल तर पाने कमी निघतील. गुरुजी वहीकडे बघतच राहिला.

मात्र टाकी म्हणजे सगळ्यांना औषध, असेही नाही. ज्याच्या घरी महिन्याला पाच-दहा पाने निघतात, त्याने टाकीत पैसे घालवू नयेत. त्याला झेरॉक्सचे दुकानच परवडते. घ्यायचाच तर साधा कार्ट्रिजचा पुरेल. त्यातल्या काही यंत्रांत छिद्रांची पट्टी कार्ट्रिजमध्येच असते. नवी डबी घातली की पट्टीही नवी. काही यंत्रांत ती पट्टी यंत्रातच बसवलेली असते आणि ती वाळली तर दुरुस्ती महाग जाते. घेण्यापूर्वी हे अवश्य विचारा.

ज्या पतपेढीत किंवा दूध संस्थेत नुसते काळे कागद निघतात, आणि मधूनच महिना-महिना यंत्र बंद राहते, तिथे लेझर प्रिंटर बरा. त्यात शाई नसून भुकटी असते. ती वाळत नाही, आणि कागद ओला झाला तरी अक्षर फुटत नाही. पण लेझरचा रूळ तापवावा लागतो, त्याला काही शे वॅट वीज लागते. इंकजेटला छापताना दहा-वीस वॅट पुरतात. ज्या गावात वीज जाते आणि शाळेत लहानसा इन्व्हर्टर आहे, तिथे हा फरक मोठा. लेझर त्या इन्व्हर्टरवर चालायचा नाही.

दाखले आणि उतारे काढणाऱ्यांनी आणखी एक विचारावे: काळी शाई विरघळणारी आहे की रंगकणांची? विरघळणाऱ्या शाईचा दाखला पावसात खिशात भिजला की मुलाचे नावच वाहून जाते. रंगकणांची शाई कागदावर धरून राहते. आणि दुरुस्तीचे केंद्र बारामतीला आहे की इंदापूरला, की थेट पुण्याला, हे दुकानातच लिहून घ्या. हमीच्या मुदतीत बाहेरची शाई भरली तर कंपनी हमी नाकारू शकते, हेही ध्यानात असू द्या.

यंत्र घेतल्यावर राखायचे कसे, ते थोडक्यात. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढा, सुटीतही. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटनाने बंद करा, भिंतीवरच्या नव्हे. बटन दाबले की छिद्रांवर झाकण बसते, वीज एकदम तोडली तर ती उघडी राहून वाळतात. रेघा दिसल्या तर सफाई करा, पण पुन्हापुन्हा नको. दर सफाईत शाई खर्च होते. धूळ बसू देऊ नका आणि कागद कोरड्या जागी ठेवा.

गुरुजीने शेवटी टाकीचा प्रिंटर घेतला, काळी शाई रंगकणांची. शाळेच्या शिपाईदादांना मे महिन्यात दर सोमवारी एक पान काढायचे काम नेमून दिले. कपाटाच्या दारावर एक वही टांगली आहे. तीत किती पाने निघाली आणि शाई केव्हा भरली, ते लिहिले जाते. वर्गणी देणाऱ्या कुणीही यावे आणि वही पाहावी, असे त्याने पालकसभेत जाहीर केले.

जून उलटल्यावर त्याचा फोन आला. यंत्र पहिल्याच दिवशी नीट चालले होते. त्या शाळेत मुले दरवर्षी एक हस्तलिखित काढतात. गोष्टी, कविता, पानमळ्याची चित्रे. आजवर त्याची एकच प्रत असायची, ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहायची. या वर्षी त्याच्या साठ प्रती काढल्या.

"प्रत्येक मूल आपापली प्रत घरी घेऊन गेलं, सर," तो म्हणाला. "वर्गणीचं आता कुणी विचारत नाही."